साठ पिशव्या, चौऱ्याहत्तर चुली: वसईतल्या एका कुटुंबाचं नाताळचं दान

२४ डिसेंबर २०२४. सकाळचे अकरा. वसई पूर्वेच्या एका वीटभट्टीवर टेम्पो लागला. आत ६० पिशव्या होत्या आणि भट्टीवर चुली होत्या ७४. पुढच्या पाऊण तासात जे झालं ते कुणाच्या वाईटपणामुळे झालं नाही. देणारे मनापासून आले होते आणि घेणाऱ्यांना गरज होती. तरी परतताना टेम्पोत कुणी बोलत नव्हतं. वर्षभराने, २०२५च्या नाताळात, याच कुटुंबाने तेवढ्याच पैशात दानाची मांडणी बदलली. बरंचसं जमलं, काही पुन्हा फसलं. दोन्ही वर्षांचा हिशेब इथे मांडला आहे. नावं आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही.

कुटुंब आणि पट्टा

वसईचा पश्चिम पट्टा म्हणजे वाड्या, विहिरी, केळी-फुलांची शेती आणि दर दोन-तीन किलोमीटरवर चर्च. पोर्तुगीज इथे १५३४पासून १७३९पर्यंत होते. चर्चची उंच कमान सोडली, तर आज त्यांच्यापेक्षा मराठीच जास्त ऐकू येते. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत, गाणी मराठीत, घरात बोली. १९९८मध्ये मुंबईपासून वेगळं होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला विभाग, झाला. सामवेदी बोली बोलणारे ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, आणि तीच बोली बोलणारे हिंदू शेजारी एकाच आळीत राहतात. त्यामुळे दिवाळीचा फराळ एका दारातून येतो आणि नाताळची थाळी दुसऱ्या दारातून जाते.

हे कुटुंब त्यातलंच, कॅथलिक. चार चुली, १९ माणसं. दोन भाऊ गावात. त्यातला थोरला वाडी करतो, धाकटा एसटीत आहे. मधला आखातात. बहीण लग्न होऊन शेजारच्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, गेली, पण नाताळचा फराळ माहेरीच करते. सगळ्यांच्या वर आजी. आणखी एक चुलत बहीण कॅनडात आहे. तिचा विषय पुढे येईल.

२०२४: पैसा होता, यादी नव्हती

दर चुलीमागे १२,००० रुपये निघाले, एकूण ४८,०००. ते असे गेले: ६५० रुपयांच्या ६० पिशव्या म्हणजे ३९,०००. बेकरीतले ८० रुपयांचे ६० केक म्हणजे ४,८००. टेम्पो ३,०००. आणि १,२०० रुपयांचा फ्लेक्स, त्यावर गोठ्याचं चित्र, बायबलमधलं एक वचन आणि कुटुंबाचं नाव. पिशवीत पाच किलो तांदूळ (२५०), एक किलो तूरडाळ (१६०), एक लिटर तेल (१५०), एक किलो साखर (४५) आणि बिस्किटं (४५).

कागदावर यात खोट काढता येत नाही. खोट भट्टीवर गेल्यावर दिसली.

पहिली चूक आकड्याची. ६० हा आकडा मुकादमाने फोनवर दिला होता. त्याच्या वहीत असतात ती उचल घेतलेल्या माणसांची नावं. दिवाळीच्या आसपास उचल घेऊन जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी आणि वारली कुटुंबं भट्टीवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर हिशेब करून परततात. उचल एकाच्या नावावर असली, तरी त्याच्या मागे दोन भावांच्या दोन चुली असू शकतात. म्हातारी आई वेगळ्या भोंग्यात राहून वेगळं शिजवत असते. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून केलेली खोपटी, वाकूनच आत जावं लागतं. विधायक संसद या संस्थेने याच तालुक्यातून भट्टीवरच्या पोरांसाठी ज्या शाळा सुरू केल्या, त्यांना भोंगाशाळा म्हणतात त्या यावरूनच. दान चुलीला द्यायचं असेल, तर भोंगे मोजावे लागतात. मुकादमाची वही त्या कामाची नाही.

दुसरी चूक वेळेची. विटा थापायचं काम मध्यरात्र उलटल्यावर दोन-तीनला सुरू होतं आणि ऊन तापेपर्यंत चालतं. अकरा वाजता माणसं नुकतीच आडवी झालेली असतात. त्यांना उठवून रांगेत उभं केलं. रांग केली की पुढे पुरुष आणि धावू शकणारी पोरं येतात. कडेवर मूल असलेली बाई शेवटी राहते. ६०वी पिशवी संपली तेव्हा मागे उभ्या राहिलेल्या १४ जणींत बहुतेक याच होत्या. मग पिशव्या फोडून वाटणी, आरडाओरडा, आणि मागे फ्लेक्स धरून उभे असलेले दोन तरुण.

तिसरी चूक पिशवीच्या आतली. तेलाचं पाऊच तळाला आणि वर पाच किलो तांदूळ. सात पिशव्यांत पाऊच फुटलं आणि तांदळाला तेल लागलं. तूरडाळीबद्दल एका बाईने नंतर सिस्टरना (भट्ट्यांवर औषधं घेऊन जाणाऱ्या ननना) सांगितलं, ‘ती शिजतच नाय लवकर. एवढी लाकडं कुठून आणू?’ भट्टीवर कुकर नसतो. तूरडाळ भिजवली नाही तर चुलीवर तास-दीड तास खाते, मसूर अर्ध्या तासाच्या आत होते. बऱ्याच जणींनी तूरडाळ बाजारच्या दिवशी दुकानात देऊन तिखट-मीठ आणलं. तांदळाचीही गत तशीच. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं आणि जानेवारी २०२३पासून ते फुकट आहे. गावी राहिलेली म्हातारी माणसं ते उचलतात आणि भट्टीवर येणारं कुणी ना कुणी गोणीभर तांदूळ घेऊनच येतं. म्हणजे पिशवीतली सर्वांत जड वस्तू तिथे सर्वांत कमी नडलेली होती.

केकबद्दल मात्र कुणी तक्रार केली नाही. पोरांनी तो तिथल्या तिथे संपवला. पौष्टिक काय ते शोधताना मोठी माणसं पोरांच्या वाटचं गोड आधी काढून टाकतात, ते टाळावं.

चौथी चूक फ्लेक्सची. दुसऱ्या दिवशी गावातल्या एकाने विचारलं की हे धर्माच्या प्रचाराला आले होते का. तसं काही नव्हतं. पण बायबलचं वचन आणि तांदळाची पिशवी एकाच फोटोत आल्यावर पाहणाऱ्याने काय समजावं? याचा त्रास देणाऱ्यांना झाला नाही, सिस्टरना झाला. त्या औषधांची पेटी घेऊन आसपासच्या भट्ट्यांवर जातात. पुढचे दोन महिने त्यांना प्रत्येक फेरीत खुलासा करावा लागला.

आणि पाचवी गोष्ट भट्टीपासून लांब, घराच्या मागच्या दाराशी घडली. आळीतच एक विधवा बाई राहतात. मुलगा आजारी, नोकरी सुटलेली. त्यांच्याकडे दरवर्षी थाळी जायची. २०२४ला २३ आणि २४ डिसेंबर पिशव्या भरण्यात गेले. कुलकुल (मैद्याचा गोड, तळलेला फराळ) अर्धे राहिले, करंज्या विकत आणल्या आणि थाळ्या सहाच घरांना पोचल्या. बाईंचं घर राहून गेलं. मैलोगणती लांब ६० पिशव्या गेल्या आणि तीस पावलांवरचं एक ताट राहिलं. हे लक्षात आलं ते आजीच्या, तेही मिस्सेच्या वेळी, बाई शेजारच्या बाकावर येऊन बसल्या तेव्हा.

२०२५: उलट्या टोकाने सुरुवात

नाताळ गुरुवारी होता. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबर. चार रविवार, पुष्पचक्रावर चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. घरात पोरं असली की हे चक्र तारखेच्या तक्त्यापेक्षा चांगलं चालतं, कारण कोणती मेणबत्ती पेटली हे त्यांना पाठ असतं. थोरल्या सुनेने दर मेणबत्तीला एक काम बांधलं. पहिलीला मोजणी, दुसरीला खरेदी, तिसरीला फराळ, आणि चौथीच्या आदल्या संध्याकाळी वाटप. २१ तारखेनंतर दानाचं एकही काम शिल्लक ठेवायचं नाही, ही तिची अट होती. वरवर किरकोळ वाटते, पण २०२४मधल्या निम्म्या चुका या एका अटीने टळल्या असत्या.

भट्टी दुसरी निवडली, लहान. सिस्टर जिथे हंगामभर दर आठवड्याला जातात तीच. ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत’ हा हट्ट सोडला. जिथे आपलं माणूस एरवी जात नाही, तिथे डिसेंबरमध्ये पिशवी घेऊन जाऊ नये. मोठ्या भट्टीवरच्या लोकांची गरज कमी नव्हती, पण तिथलं कुणी ओळखीचं नव्हतं.

मोजणी २९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी झाली. सिस्टर, धाकटी सून आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा. भोंग्यासमोर चूल पेटलेली दिसली की एक धरायची, म्हणून वेळ संध्याकाळी साडेसहाची. ४६ चुली निघाल्या. प्रत्येक चुलीवरच्या बाईच्या हातात जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला. त्यावर आकडा आणि चर्चचा नव्हे, घरचा शिक्का: वाडीच्या केळ्यांच्या पेट्यांवर मारतात तो. पुठ्ठा बाईकडेच द्यायचा, पुरुषाकडे नाही, हे सिस्टरनी बजावलं होतं. कारण सांगायला त्या थांबल्या नाहीत आणि कुणी विचारलंही नाही.

मोजताना एकच प्रश्न विचारला: बाजारात गेल्यावर पैसे संपतात तेव्हा काय राहून जातं? ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं की समोरचा माणूस देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर देतो. राहून काय जातं हे विचारलं की तो बाजार डोळ्यांसमोर आणतो. उत्तरं अशी आली: तेल, सुकट, साबण, तिखट. आणि पोरांना चपला, कारण भट्टीभोवतीची राख आणि विटांचे तुकडे.

मग पिशवी अशी ठरली. मसूरडाळ एक किलो १००, तेल एक लिटर १५०, सुकट पाव किलो ९०, मीठ २५, हळद-तिखट ६०, दोन किलो कांदे आणि किलोभर बटाटे मिळून ८०, अंगाचे दोन आणि कपड्यांचे दोन साबण ८५. बेरीज ५९०. चुली ४६, पण पिशव्या ५१ भरल्या. भट्टीवर माणसं येत-जात असतात, शेकडा दहा तरी जादा धरावं लागतं. ५१ पिशव्यांचे ३०,०९०, वर २० रुपयांच्या कापडी पिशव्यांचे १,०२०. ६३ पोरांच्या चपला ९० रुपयांनी ५,६७०. टेम्पोऐवजी घरच्या दोन गाड्या आणि पेट्रोल ९००. सगळे मिळून ३७,६८०. उरले १०,३२०. (गेल्या वर्षीच्या फ्लेक्सच्या १,२०० रुपयांत यंदाच्या दोन पिशव्या भरल्या असत्या, हे धाकट्या भावाने वहीत कडेला लिहून ठेवलं आहे.)

भरायचा क्रम ठरलेला. तळाला कांदे-बटाटे, त्यावर डाळ आणि मीठ, कडेला साबण कागदात गुंडाळून, तेलाचं पाऊच वेगळ्या प्लास्टिकमध्ये घालून सर्वांत वर उभं. साबण मोकळा ठेवला तर डाळीला वास लागतो.

वासाने दगा दिला तो मात्र भलत्याच ठिकाणी. सुकट कोळणीकडून घाऊक घेतली, साडेबारा किलोहून थोडी जास्त, आणि स्वस्त मिळाली म्हणून १४ तारखेलाच. ती ठेवली मागच्या खोलीत. त्याच खोलीत, झाकण नीट न बसलेल्या दोन डब्यांत, आदल्या दिवशी तळलेले कुलकुल होते. १६ तारखेला डबा उघडला तर नाताळऐवजी बाजारच समोर आला! जवळपास तीन किलो कुलकुल बाद. तुपातलं आणि नारळाच्या दुधातलं पीठ वास लगेच धरतं आणि मग तो कशानेच जात नाही, उन्हात ठेवलं तर तेल खवट होतं ते वेगळंच. सुकट शेवटच्या दिवशी आणायची, दुहेरी पिशवीत बांधायची आणि घराबाहेर, ओटीवर टांगून ठेवायची.

चुलीवरचं गणित

भट्टीवर जाणाऱ्या पिशवीत घरचा फराळही हवा, हे आजीचं म्हणणं. विकतचा नको, आपण खातो तोच. म्हणून प्रत्येक पिशवीत २०० ग्रॅम कुलकुलांची पुडी. ५१ पुड्यांना दहा किलोंहून थोडे जास्त लागतात. किलोभर मैद्याचे दीड किलोच्या आसपास कुलकुल होतात, म्हणजे सात किलो मैदा. घरच्याला आणि थाळ्यांना आणखी सहा.

किलो मैद्याला पाव किलो पिठीसाखर, दोन अंडी, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ आणि नारळाचं घट्ट दूध लागेल तसं, साधारण दीड ते पावणेदोन वाट्या. पीठ पोळीपेक्षा घट्ट. तासभर झाकून ठेवायचं. मग बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्याने दाबत ओढायची आणि गुंडाळायची. अंगठा जोरात दाबला तर पदर पातळ होऊन तळणीत उलगडतो, हलका दाबला तर मध्ये पीठ कच्चं राहतं. एका सरावलेल्या हाताला किलोभर पिठाला दोन तास लागतात. सात किलोंना चौदा. आठ जणं बसली तर पावणेदोन तासांत संपतं, आणि पोरं धरून आठ हात १३ तारखेच्या शनिवारी सहज जमले.

तळणी मध्यम आचेवर. घाई करून आच वाढवली की बाहेरून लाल होतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात, कारण आतलं पाणी गेलेलं नसतं. कागदावर पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत. कोमट भरले की झाकणाला वाफ धरते आणि सगळा डबा नरम पडतो. नीट जमलेले तीन आठवडे टिकतात. करंज्यांना मात्र ओलं खोबरं की सुकं हे आधी ठरवावं. ओल्या खोबऱ्याच्या तीन-चार दिवसांत संपवाव्या लागतात, म्हणून त्या २४ तारखेला घरच्यापुरत्या. लांब जाणाऱ्या पुडीत किंवा थाळीत सुक्या खोबऱ्याच्याच.

पहिला घाणा नेहमी बिनअंड्याचा, नव्या तेलात. आळीतली तीन-चार हिंदू घरं अंडं खात नाहीत आणि त्यांच्या थाळीसाठी वेगळी कढई लावली जाते हे त्यांनाही ठाऊक असतं. त्या विश्वासावरच थाळी आत घेतली जाते. गोव्यात नाताळच्या या देवाणघेवाणीला कोन्सुआद म्हणतात, मंगळुरूकडे कुस्वार. वसईत वेगळं नाव ऐकू येत नाही, थाळी म्हटलं की पुरतं. थाळी परत येते ती रिकामी नाही, निदान मूठभर साखर तरी घालून.

२४ तारखेला घरी फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे) झाले, तेही थाळ्या निघून गेल्यावर. मैदा सकाळी आंबवायला ठेवला, संध्याकाळी हाताच्या मुठीतून थेट तेलात सोडला. गरम असतानाच खायचे, त्यामुळे त्यांची वाटणीबिटणी शक्य नसते. इंद्याल (मांसाचा आंबट-तिखट रस्सा) आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, मुरलं की चव येते. यंदा पहिल्यांदा घरातल्या बायका जागरण न करता मिस्सेला गेल्या.

आळीतलं घर

थोरल्या भावाचा पहिला विचार साधा होता. बाईंच्या दारात २३ तारखेला मोठी पिशवी ठेवायची, यंदा विसरायचं नाही. आजीने अडवलं. ‘तिच्या दारात पिशवी ठेवाल, तर ती पुन्हा माझ्या ओटीवर यायची नाही.’

भट्टीवर पिशवी चालते, कारण तिथे सगळ्यांना सारखी मिळते. आळीत एकाच दारावर पिशवी म्हणजे पाटी लावल्यासारखं. चर्चमधली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, जिला सगळे एसव्हीपी म्हणतात, अशा घरांसाठीच आहे. १८३३मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी ती सुरू केली तेव्हापासून तिची पद्धत एकच: दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, बोलायचं आणि काय कळलं ते बाहेर सांगायचं नाही. उरलेल्या रकमेतले १०,००० रुपये या कुटुंबाने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच एसव्हीपीकडे दिले. कुणासाठी ते सांगितलं नाही. त्यातले किती बाईंच्या औषधांना गेले आणि किती दुसऱ्या कुणाच्या फीला, हे कुटुंबाला माहीत नाही, आणि माहीत असूही नये.

दुसरा मार्ग धाकट्या सुनेला सुचला आणि या सगळ्यात तोच सर्वांत चांगला ठरला. बाईंच्या हातच्या करंज्या आळीत नावाजलेल्या. त्यांना नोव्हेंबरच्या शेवटीच पाच किलोंची ऑर्डर दिली, ५०० रुपये किलोने, निम्मे पैसे आगाऊ. एकूण २,५००. हे पैसे दानातून नाही, घरच्या फराळाच्या खर्चातून दिले. भावाला १,००० किलोने द्यायचे होते. तसं केलं असतं, तर बाईंनी एकदाच घेतले असते आणि पुढच्या वर्षी ऑर्डर नाकारली असती. बाजारभाव दिला, तर पुढच्या वर्षीही ऑर्डर देता येते. बहिणीने आपल्या धर्मग्रामातून आणखी तीन किलोंची ऑर्डर मिळवून दिली. २४ तारखेला बाईंकडे थाळी गेली ती बाकीच्या घरांसारखीच, तेवढीच. परत आली तेव्हा तिच्यात त्यांच्याच करंज्या होत्या.

वाटपाची संध्याकाळ

२० डिसेंबर, शनिवार. तिथे आठवडी बाजार रविवारी भरतो आणि शनिवारी रात्री खर्ची मिळते, म्हणजे आठवड्याच्या खाण्यापुरते पैसे. खर्ची हातात यायच्या आधी पिशवी आली, तर त्या पैशांतलं तेल-तिखट वाचतं आणि दुसरं काही घेता येतं. बाजारानंतर आली, तर तेच सामान घरात दुप्पट होतं.

साडेपाचला दोन गाड्या भट्टीपासून थोड्या अलीकडे थांबल्या. दोघं-दोघं मिळून चुलीवर गेले, पुठ्ठा घेतला, पिशवी दिली, दोन शब्द बोलले. फोन गाडीतच ठेवले होते. प्रार्थनेचं कार्ड नाही, कॅलेंडर नाही, वचन नाही. कुणी विचारलं तर ‘आमचा नाताळ आहे, म्हणून आलो’, एवढंच. ग्रामपंचायतीच्या सदस्याला आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं, तो येऊन चहा पिऊन गेला. सगळं मिळून एक तास दहा मिनिटं.

चुली निघाल्या ४९. दोन कुटुंबं दुसऱ्या भट्टीवर गेली होती आणि पाच नवी आली होती. जादा पिशव्या होत्या म्हणून निभावलं, दोन उरल्या. त्या सिस्टरकडे ठेवल्या.

चपलांनी मात्र घोळ घातला. मापं मोजणीच्याच दिवशी घेतली होती. वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीने कड काढायची आणि चुलीचा आकडा लिहायचा. पद्धत बरोबर. पण कागदावरची कड पायापेक्षा मोठी येते, कारण पेन्सिल तिरकी धरली जाते, आणि दुकानदाराने कडेवरूनच माप काढलं. तीन-चार वर्षांच्या पोरांच्या चपला एक नंबर मोठ्या निघाल्या. त्यांच्या आयांना त्याचं काहीच वाटलं नाही, पुढच्या वर्षी होतील म्हणाल्या. नव्या आलेल्या घरांतली सात पोरं मात्र तशीच राहिली, आणि दुसऱ्याच्या पायातली चपल बघणाऱ्या पोराला पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. घरात पोरांचा आगमनकाळाचा डबा होता. रोजच्या चॉकलेट-वेफर्सचे पैसे त्यात टाकायचे, त्यात १,८४० जमले होते. त्यातले ६३० काढून सात जोड २३ तारखेला सिस्टरबरोबर गेले, या वेळी कागदाऐवजी दोऱ्याने माप घेऊन.

कागदपत्रांपुरतं

थोडक्यात, कारण यात नवीन काही नाही. वस्तूंच्या दानावर आयकरात सवलत मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या रकमेवर मिळते, पण २,००० रुपयांवरची रक्कम रोख दिली तर तीही जाते, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत नाहीच. कॅनडातली बहीण आता तिथली नागरिक आहे. तिने थेट इथल्या संस्थेला पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरतात, आणि एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी व दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. आखातातला भाऊ भारतीय नागरिक असल्यामुळे त्याला ही अडचण नाही. बहिणीचे पैसे घरच्या सणाला लागले.

आणखी एक. आळीतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी सुचवलं आहे की पुढच्या वर्षी सगळ्यांकडून वर्गणी काढू. घरच्या पैशाने दान करायला कुणाची परवानगी लागत नाही. लोकांकडून जमवायचे असतील, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सीखाली धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी काढावी लागते, गणेश मंडळं काढतात तशीच. नाहीतर चर्चच्या किंवा एसव्हीपीच्या पावतीवर जमवावं.

वहीतल्या पुढच्या नोंदी

पुढच्या आगमनकाळाचा पहिला रविवार २९ नोव्हेंबर २०२६. वहीच्या शेवटच्या पानावर थोरल्या सुनेच्या अक्षरात लिहिलं आहे: जादा पिशव्या पाचऐवजी सहा. चपला दोऱ्याने. सुकट १९ तारखेला, ओटीवर. करंज्या आठ किलो, ऑर्डर ऑक्टोबरमध्ये द्यायची, बाईंना खोबरं सुकवायला वेळ मिळेल. खाली आजीच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली आहे: पावसाआधी सिस्टरबरोबर एकदा जाऊन यायचं, भट्टी रिकामी झाल्यावर ती माणसं कुठल्या गावी जातात ते विचारायचं.